दोन टक्क्यांवर गावाचा शब्द

सीमाभागात कंपन्यांच्या सीएसआर निधीवरून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायच्या पैशावरून, जो वाद चालतो, तो ऐकताना मला दर वेळी वाटतं की भांडण भलत्याच जागी चाललंय. एका बाजूनं याद्या निघतात. अमुक कंपनीनं मराठी गावांत किती शाळा रंगवल्या आणि कन्नड गावांत किती, कुठल्या तालुक्याला रुग्णवाहिका मिळाली आणि कुणाच्या वाट्याला नुसत्या वह्या आल्या. दुसरी बाजू म्हणते, कंपनी स्वतःच्या खिशातून देते आहे तर आनंदानं घ्या, असले प्रश्न विचारत बसलात तर उद्या इथं उद्योगच येणार नाहीत. दोघं तावातावानं बोलतात, पण एका गोष्टीवर त्यांचं न बोलताच एकमत झालेलं असतं: गावाचं काम फक्त घेण्याचं. माझं म्हणणं असं, की किती मिळालं आणि कुणाला मिळालं याच्या आधी दोन प्रश्न येतात. काय करायचं हे कुणी ठरवलं? आणि पाचव्या वर्षी ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? ज्या गावाला या दोन प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, तिथला निधी बहुतेक वेळा वाया जातो, मग ते गाव मराठी असो की कन्नड.

'स्वतःच्या खिशातून' हा गैरसमज आधी बाजूला ठेवू. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असतो, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत. सुरुवातीची काही वर्षं खर्च केला नाही तर कारण सांगून सुटता येत होतं. जानेवारी २०२१ पासून तसं राहिलेलं नाही. न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत कायद्यानं नेमून दिलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरावी लागते, न भरल्यास दंड बसतो. २०१४-१५ मध्ये देशभरात या खात्यावर सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले होते, २०२१-२२ मध्ये हा आकडा २६ हजार कोटींच्या पुढे गेला. कुठली कामं घेतली हे कंपनीला स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावं लागतं. संसदेनं बांधून दिलेली ही रक्कम आहे आणि तिचा हिशेब मागण्यात कसलाही उर्मटपणा नाही.

त्याच कलमात एक वाक्य आहे, ज्याचा आधार आमच्याकडचे कार्यकर्ते घेतात: कंपनी जिथं काम करते त्या स्थानिक भागाला आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं. आधार वाजवी आहे, पण तो फार भक्कम नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये खुलासा केला की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. शिवाय आमच्या मुलखात 'स्थानिक' कुठवर धरायचं? राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या डोंगरावरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात आलं. खाण कोल्हापूर जिल्ह्यात, कारखाना बेळगावात. निपाणी-चिक्कोडीकडचा ऊस कागल-शिरोळच्या बाजूला जातो, सीमेपलीकडचा इकडे येतो. खानापूर तालुक्यातली तरुण पोरं गोव्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत राबतात आणि सणाला घरी येतात. त्यांच्या घामावर नफा कमावणाऱ्या कंपनीचा स्थानिक भाग फोंडा, की पोरं ज्या गावातून गेली ते गाव? राज्याची हद्द कच्च्या मालाला अडवत नाही, मजुराला अडवत नाही, निधीला मात्र अडवते. हा प्रश्न सीमाभागानं लावून धरायला हवा होता. आपण मात्र एकाच तालुक्यातल्या दोन गावांत वाटणीचं भांडण लावून बसलो.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात शुद्ध पाण्याचं युनिट आहे. पत्र्याची निळी खोली, दारावर कंपनीचं बोधचिन्ह, भिंतीत नाणं टाकायची फट. पाच रुपये टाकले की वीस लिटरचा कॅन भरायचा, अशी सोय होती. पहिल्या पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन मोटर जळाली. ती गावानं वर्गणी काढून भरून आणली. पुढच्या वर्षी पाणी गाळणारी मेम्ब्रेन चोंदली आणि मग कुणाचीच जबाबदारी उरली नाही. पंचायतीचे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणाले, युनिट आमच्या ताब्यात दिल्याचा कागद आमच्याकडे नाही. ज्या संस्थेमार्फत काम झालं तिचे लोक म्हणाले, आमचा प्रकल्प मार्चअखेर संपला. कंपनीच्या दफ्तरी काम केव्हाच पूर्ण झालेलं होतं, उद्घाटनाचा फोटो अहवालात होता. आज त्या फटीवर चिकटपट्टी आहे, आत झाडू आणि खताच्या रिकाम्या पोत्या ठेवतात, आणि बायका पूर्वीसारख्याच मागच्या झऱ्यावर जातात.

यात यंत्राचा दोष नाही. अथणी, रायबागकडच्या काही भागात पाणी जड आहे, तिथं असं युनिट उपयोगाचं ठरू शकतं. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात, जिथं जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात मुळात क्षार कमी, तिथं क्षार काढायचं यंत्र कशाला? असं यंत्र शुद्ध पाणी देताना बरंच पाणी गटारात सोडतं. त्या गावाची अडचण वेगळी आहे. झरा एप्रिल-मेमध्ये आटतो आणि त्यात गुरं उतरतात. झऱ्याभोवती चिरेबंदी कठडा, वरच्या उतारावर चर, दगडी बांध आणि झाडोरा, पाण्यात क्लोरीन टाकण्याची शिस्त, एवढ्यानं भागलं असतं. गावातल्या कुठल्याही म्हातारीनं हे अर्ध्या तासात सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही.

आता भाषेच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. याद्या काढणाऱ्यांचा राग पोकळ नाही. १९५६ पासून या भागातला मराठी माणूस सरकारी कागद परक्या लिपीत वाचतो आहे. मराठी शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, पटसंख्या घसरते, मग पटसंख्येचंच कारण पुढे करून शाळेवर गंडांतर येतं. अशा परिस्थितीत कंपनीचा अधिकारी बेंगळुरूहून येतो, जिल्हा कचेरीत विचारतो कुठं काम करू, आणि कचेरी आपल्या सोयीची नावं देते. त्यात आपली गावं मागे राहत असतील ही शंका येणं स्वाभाविक आहे. एका मराठी शाळेत 'स्मार्ट क्लास' आला. पडदा, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, सगळं उत्तम प्रतीचं. त्यात भरून दिलेले धडे मात्र कन्नड आणि इंग्रजी. गुरुजींनी मराठी धडे मागितले तर उत्तर आलं, ते आमच्या पॅकेजमध्ये नाहीत. पोरं तो पडदा स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला वापरतात.

पण या उदाहरणाकडे नीट पाहा. यादीच्या हिशेबात ही शाळा 'मिळालेल्या' गावांत मोडते. मराठीच्या रकान्यात एक आकडा वाढला आणि मराठी मुलाच्या हाती काहीच आलं नाही. आकडे मोजणाऱ्याला हे दिसत नाही, आणि कंपनीला तर तो आकडाच हवा असतो. मराठी गावांना निम्मा वाटा द्या ही मागणी उद्या मान्य झाली, तर निम्मी निकामी युनिटं आणि निम्मे मुके पडदे आपल्या वाट्याला येतील. त्यानं कुठला अन्याय दूर होईल? त्या शाळेची तक्रार वाट्याची नाही. काय हवं हे ठरवताना शिक्षकाला, पालकाला विचारलं गेलं नाही, ही आहे. विचारलं असतं तर भाषेचा प्रश्न पहिल्याच बैठकीत पुढे आला असता.

गावागणिक वाटणी पाण्याच्या कामांत तर पूर्णच कोलमडते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. त्या पट्ट्यातली गावं मराठी बोलतात. तिथून नदी पूर्वेला वळते, सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढं कन्नड शेतकऱ्यांची शेतं भिजवते, हुबळी-धारवाडच्या नळांना जाते. कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरात पाणी मुरवायचं काम कुणी केलं तर ते मराठीच्या खात्यात मांडायचं की कन्नडच्या? बळ्ळारी नाला बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन शहापूर-वडगावच्या शिवारात शिरतो आणि भातपीक कुजवतो. तो बांधावर उभा राहून शेतकऱ्याला त्याची मातृभाषा विचारतो का?

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा असा आहे: कंपनी म्हणजे सरकार नव्हे. पाणी, शाळा, रस्ता ही राज्याची कामं. ती कंपनीवर ढकलली की राज्य निर्धास्त होतं आणि कंपनी भागधारकांच्या पैशातून पंचायत चालवू लागते. हा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण पटतो. रिकाम्या जागेवर कायम शिक्षक कुठलीही कंपनी नेमू शकत नाही. ती भिंत रंगवून देईल, आणि रंगवलेल्या भिंतीचा फोटो छापून आला की शिक्षक नसल्याची बातमी मागे पडेल. बळ्ळारी नाल्याचा बंदोबस्त महापालिकेनं आणि पाटबंधारे खात्यानंच करायचा आहे. तसंच कारखान्यानं आपलं सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणं, कामगाराला किमान वेतन देणं, ही कामं इतर कायद्यांनी त्याच्यावर आधीच टाकली आहेत. आरोग्य शिबिर भरवून ती फिटत नाहीत. आमच्या भागाला हे शिकवायची गरज पडू नये. निपाणीच्या तंबाखू वखारींत उडणाऱ्या भुकटीत दिवसभर राबणाऱ्या बायकांना मालक सणासुदीला लुगडं देत असेलही, पण त्यांचं जगणं बदलू लागलं ते ऐंशीच्या दशकात चिकोडी तालुका कामगार महासंघात एकवटून त्या हक्काचं मागू लागल्यावर. विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि दवाखाने मिळाले तेही १९७६ च्या उपकर कायद्यामुळे, जो उपकर जीएसटीबरोबर २०१७ मध्ये गेला. हक्काच्या जागी मेहरबानी येऊन बसली की काय होतं हे निपाणीला ठाऊक आहे.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? दोन टक्के घेऊ नयेत, असा तर नाही. कायदा आहे तोवर रक्कम खर्च होणारच. ती आपल्या शिवारात होईल की दुसरीकडे, विचारून होईल की न विचारता, एवढाच प्रश्न उरतो. राज्यानं करायचं ते राज्याकडून भांडून घ्यावं आणि या पैशाला अशा कामाला लावावं जे सरकारी चौकटीत बसत नाही: झऱ्याचं संरक्षण, मराठी डिजिटल धडे तयार करणं, बचत गटाच्या काजू किंवा इंद्रायणी तांदळाच्या प्रक्रियेला लागणारं पहिलं यंत्र आणि ते चालवायचं शिक्षण. (जिल्ह्यातले सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पुष्कळशा छोट्या फाउंड्रींचा नफा ५ कोटींच्या आत असतो, म्हणून त्यांना हे कलम लागू नाही. तेव्हा हाती असलेला निधी वाटतो तेवढा मोठा नाही, हेही ध्यानात ठेवावं.)

ग्रामसभेला विचारा म्हटलं की अधिकारी लोक हसतात. त्यांच्या हसण्याला कारण आहे. कितीतरी ग्रामसभा कागदावर भरतात, सह्या घरोघरी फिरून गोळा होतात, कामाचा ठेका सदस्याच्या भाऊबंदाला जातो. कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत अनेक गावं असतात, त्यात वाडीवस्तीचा आवाज दबतो. त्यापेक्षा कंपनीनं चांगली संस्था धरून थेट काम करावं, झटपट आणि स्वच्छ होईल, असं प्रामाणिक माणसंही म्हणतात. मला या युक्तिवादाची अडचण एवढीच वाटते, की तो उद्घाटनाच्या दिवशी थांबतो. संस्था स्वच्छ असली तरी ती जाणार. गाव तिथंच राहणार. २०२१ च्या नियमांनीच सांगितलं आहे की सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थींच्या बचत गटासारख्या समूहाच्या, किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर जायला हवी. म्हणजे शेवटी गावाकडे यायचंच आहे, तर पहिल्या दिवसापासून गाव का नको? भ्रष्ट ग्रामसभेवरचा उपाय ग्रामसभा वगळणं हा असेल, तर उद्या भ्रष्ट निवडणुकीवरचा उपाय म्हणून मतदानही वगळावं लागेल.

इतिहास पाहिला तर या मुलखात टिकलेली कामं कुठली? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथं कारखान्याचा मालक आणि कामगार एकाच वसाहतीत राहत. पाणी बंद पडलं तर दोघांच्याही घरी पडे. जबाबदारी त्यातून आली. आजची कंपनी तशी गावात राहायला येणार नाही, आणि मालकाच्या मर्जीवर चालणारं गाव आज कुणी मागूही नये. सिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट शिक्षणासाठी विश्वस्त निधीत दिली, त्यांच्या नावाचं कॉलेज १९३३ पासून बेळगावात उभं आहे, आणि कन्नड मुलांबरोबर मराठी मुलंही तिथं शिकली. दात्याचं नाव दगडावर राहिलं, कारभार इथल्याच शिक्षकांच्या आणि संस्थेच्या हाती राहिला. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली. अधिवेशन आटोपलं, नंतर ती गाळानं भरली, पण १९९५ च्या टंचाईत गाळ काढून पुन्हा वापरात आणता आली, कारण विहीर दुरुस्त करायला लागणारी माणसं आणि अवजारं गावात होती. परगावच्या मेकॅनिकची वाट पाहणाऱ्या निळ्या खोलीचं सत्तर वर्षांनी काय होईल?

टिकवायला पैसा लागतो, आणि इथं कायद्यानंच एक पेच घातला आहे. २०२१ नंतर कुठल्याही संस्थेच्या कायम ठेवीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरत नाहीत. गावाच्या नावानं ठेव ठेवा आणि व्याजातून दुरुस्ती करा, हा सरळ मार्ग त्यामुळे बंद झाला. बंदी गैरप्रकार रोखायला आली हे समजतं, तरी बारीकसारीक दुरुस्तीसाठी अपवाद करावा अशी मागणी सीमाभागातल्या खासदारांनी संसदेत मांडायला हरकत नाही. (त्यात सीमाप्रश्न आडवा येत नाही.) तोवर आहे त्या नियमांत एक वाट निघते. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत 'चालू प्रकल्प' म्हणून खर्च करता येतो. मग पहिल्याच वर्षी सगळी रक्कम बांधकामात का ओतायची? बांधकाम लहान ठेवावं, स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे गावच्या बचत गटातल्या, दोन-तीन बायकांना ते चालवायला शिकवावं, पहिल्या वर्षी दुरुस्ती कंपनीनं करावी, दुसऱ्या वर्षी निम्मी गावानं, तिसऱ्या वर्षी पाणीपट्टीतून सगळी गावानं. जे काम गावाला तिसऱ्या वर्षी पेलणार नाही ते घेऊच नये, मग कंपनी कितीही आग्रह करो. नाही म्हणायची ही ताकद आपल्या गावांनी कधी वापरलेली नाही.

याद्या काढणाऱ्या तरुणांकडे मला आशेनं पाहावंसं वाटतं, कारण माहिती उकरायचं कसब त्यांच्यापाशी आहे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल ते उतरवून घेतात, जिल्ह्याचे आकडे काढतात. तेच अहवाल घेऊन त्यांनी एकदा गावोगाव फिरावं. ज्या कामापुढं 'पूर्ण' लिहिलं आहे ते आज चालू आहे का, ते कुणाच्या ताब्यात आहे, बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे तपासावं. मराठी गावात तपासावं आणि शेजारच्या कन्नड गावातही, कारण तिथल्या निळ्या खोलीवरही तशीच चिकटपट्टी असणार. दोन्ही गावांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं तर ते टाळणं तिला आणि जिल्हा कचेरीलाही अवघड जाईल. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पंचायतीच्या विकास आराखड्याचा विषय निघेल तेव्हा पीडीओंकडे लेखी मागावं: पंचायत हद्दीतल्या प्रत्येक सीएसआर कामाचा करारनामा, मालमत्ता ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव आणि दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचा फोन नंबर, मराठीत आणि कन्नडमध्ये, पंचायतीच्या भिंतीवर लिहून.